टोनिंग नावाचा वेगळा व्यायाम नसतो

चार वर्षांपूर्वी, वयाच्या चव्वेचाळिसाव्या वर्षी, मी सांगलीतील आमच्या घराजवळच्या एका जिममध्ये नाव घातले. फॉर्मवर ‘उद्दिष्ट’ या शब्दासमोर तीन चौकटी होत्या : वजन वाढवणे, वजन कमी करणे आणि टोनिंग. मी तिसऱ्या चौकटीत खूण केली आणि त्या एका खुणेपायी पुढचे दहा महिने माझ्या हातात दोन-दोन किलोंचे गुलाबी डंबेल राहिले. वीस-वीस वेळा उचलण्याचे तीन सेट (म्हणजे तीन फेऱ्या), मग पोटाचे व्यायाम, मग ट्रेडमिल, असा ठरलेला क्रम होता. वजन वाढवू का, असे विचारले की ट्रेनर हसून म्हणे, “मॅडम, तुम्हाला काय बॉडी बनवायची आहे का?” घरी मात्र गॅस संपला की भरलेला सिलिंडर दारापासून ओट्याखालपर्यंत मीच नेत होते. त्यात १४.२ किलो गॅस असतो आणि नुसत्या टाकीचे वजन जवळपास तेवढेच. म्हणजे स्वयंपाकघरात तीस किलो आणि जिममध्ये दोन.

हा राग आता शमला आहे, पण ज्या शब्दामुळे ते दहा महिने गेले त्या शब्दाबद्दल लिहिले पाहिजे, कारण आजही माझ्या ओळखीतल्या बहुतेक बायका त्याच चौकटीत खूण करतात. ‘टोन’ हा मुळात वैद्यकातील शब्द आहे. स्वस्थ बसलेले असतानाही स्नायूंत जो हलका ताण असतो त्याला टोन म्हणतात, आणि निरोगी माणसाला तो डंबेलने कमवावा लागत नाही. जिममध्ये आपण ज्याला टोन्ड म्हणतो, त्यामागे दोनच गोष्टी असतात : त्वचेखाली पुरेसा स्नायू आणि त्यावर चरबीचा पातळ थर. पहिली गोष्ट वजन उचलून मिळते, दुसरी मुख्यतः ताटात ठरते, आणि स्नायू न वाढवता त्याला नुसता घट्ट करणारा तिसरा व्यायाम अस्तित्वात नाही.

आपल्या लोकांना हे अधिक लागू आहे, असे मला एका छायाचित्रामुळे पटले. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील मधुमेहतज्ज्ञ डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन यडकिन शेजारी शेजारी उभे आहेत, असे ते छायाचित्र २००४ साली ‘द लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात छापून आले होते. दोघेही दिसायला सडपातळ आणि दोघांचाही बीएमआय (उंचीच्या मानाने वजनाचा निर्देशांक) २२.३. मात्र मोजणीत यडकिन यांच्या शरीरात ९.१ टक्के चरबी निघाली आणि याज्ञिकांच्या शरीरात २१.२ टक्के. वजनकाट्याच्या दृष्टीने ही दोन माणसे जवळपास एकच होती. स्नायू कमी आणि चरबी जास्त, ही आपल्याकडची जुनीच ठेवण आहे, आणि अशा शरीराने केवळ उपाशी राहून वजन उतरवले तर चरबीबरोबर असलेला थोडासा स्नायूही जातो. मी स्वतः एका हिवाळ्यात रात्रीचे जेवण सोडून सात किलो उतरवले होते. काटा खुश झाला, दंड मात्र आधीपेक्षा जास्त लोंबू लागले, आणि पुढच्या दिवाळीपर्यंत ते सातही किलो परत आले.

जड वजन उचलले तर अंग पुरुषी होईल ही भीती मला कधी खरी वाटली नाही, तरी ती इतक्या वेळा ऐकवली जाते की उत्तर द्यावे लागते. बायकांच्या शरीरात टेस्टोस्टेरॉन, म्हणजे स्नायू वाढवणारे संप्रेरक, पुरुषांच्या तुलनेत फार थोडे असते, त्यामुळे स्नायू वाढतात, पण हळू आणि मर्यादेत. वेटलिफ्टर मीराबाई चानूने टोकियो ऑलिम्पिकमध्ये रौप्यपदक मिळवले ते ४९ किलो वजनी गटात, आणि क्लीन अँड जर्कमध्ये (आधी खांद्यापर्यंत, मग डोक्यावर) तिने ११५ किलो डोक्यावर नेले. आमच्या सांगलीच्या संकेत सरगरने २०२२ च्या बर्मिंगहॅम राष्ट्रकुल स्पर्धेत ५५ किलो गटात स्नॅच (एका झटक्यात डोक्यावर) आणि क्लीन अँड जर्क हे दोन प्रकार मिळून २४८ किलो उचलले. वर्षानुवर्षे लोखंडाशी झुंजणारी ही माणसे ४९ आणि ५५ किलोंच्या गटात बसतात. मग आठवड्यातून तीन तास देणाऱ्या बाईचे काय व्हायचे आहे?

हलक्या वजनाने काहीच होत नाही, असेही म्हणणे चूक ठरेल. आता पुरेसे संशोधन झाले आहे की ताकद वाढवायला जड वजनच सरस असले, तरी स्नायूंची वाढ हलक्या वजनानेही तेवढीच होऊ शकते. अट एवढीच की सेट थकव्याच्या काठापर्यंत न्यायला हवा, म्हणजे शेवटी आणखी दोन-तीनदाच उचलता येईल अशी अवस्था यायला हवी. माझी चूक (किंवा त्या ट्रेनरची) नेमकी इथे होती. दोन किलोंचे डंबेल मी पन्नास वेळाही उचलू शकले असते, पण विसाव्याला थांबत होते, कारण कागदावर वीस लिहिले होते.

पुढे तो ट्रेनर दुसरीकडे गेला आणि त्याच्या जागी एक माजी वेटलिफ्टर मुलगी आली. तिने पहिल्याच दिवशी मला दोनशे पानी वही आणायला सांगितले. त्या वहीच्या पहिल्या पानावर लिहिले आहे : ‘स्क्वॉट, डंबेल छातीशी धरून, ८ किलो – १०, ९, ८.’ म्हणजे वजन घेऊन बैठका, तीन सेटमध्ये अनुक्रमे दहा, नऊ आणि आठ. पद्धत साधी होती. तिन्ही सेटमध्ये बारा-बारा पूर्ण होईपर्यंत वजन तेच ठेवायचे; झाले की अडीच किलो वाढवायचे, पुन्हा आठवर यायचे आणि पुन्हा बाराकडे चढायचे. आठवड्यातून तीन दिवस स्क्वॉट, डेडलिफ्ट (जमिनीवरचे वजन उचलून सरळ उभे राहणे), छातीचा प्रेस (वजन ढकलणे), रोइंग (वजन अंगाकडे ओढणे), खांद्याचा प्रेस आणि लॅट पुलडाऊन (वरची दांडी खाली ओढणे) एवढेच, दोन सेटमध्ये दोन मिनिटे विश्रांती, आणि त्या विश्रांतीत मोबाइल नाही. आज त्याच वहीत रॉडसह स्क्वॉट ४५ किलो आणि डेडलिफ्ट ६० किलो अशी नोंद आहे. माझे स्वतःचे वजन ५८ आहे, जे चार वर्षांपूर्वी ६१ होते. तीन किलोंचाच फरक, पण ब्लाऊज तीनदा आत घ्यावे लागले आणि दंडाला मात्र थोडे घट्ट झाले.

भार क्रमाक्रमाने वाढवण्याची ही रीत थॉमस डेलॉर्म या अमेरिकी लष्करी डॉक्टरने दुसऱ्या महायुद्धातील जखमी सैनिकांवर वापरून १९४५ मध्ये मांडली, म्हणून ती परकी आहे असे म्हणणारे भेटतात आणि ‘आपले जोर-बैठका काय वाईट?’ असे विचारतात. वाईट मुळीच नाहीत. ज्याला दहा जोर निघत नाहीत त्याने तिथूनच सुरुवात करावी. पण माझे आजोबा ज्या तालमीत जात तिथेही नाल नावाचे दगडी कडे होते, मुद्गल लहान-मोठे होते, आणि पोरगा तयार झाला की त्याच्या हाती वरचा मुद्गल दिला जाई. बैठका तीनशेवरून पाचशेवर नेल्या तर दम वाढतो. मांडीला वाढायचे कारण मिळते ते भार वाढला तर.

पोटाबद्दल थोडक्यात. १९८४ च्या एका अमेरिकी प्रयोगात पुरुषांनी २७ दिवसांत पाच हजारांवर सिट-अप्स काढले, आणि त्यांच्या पोटावरची चरबी पाठीच्या किंवा नितंबाच्या चरबीपेक्षा जास्त घटली नाही. शरीर कुठली चरबी आधी वापरते हे आपल्याला विचारून ठरत नाही.

खरी अडचण आपल्या ताटात आहे. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०२० च्या शिफारशीनुसार प्रौढाला दर किलो वजनामागे दिवसाला ०.८३ ग्रॅम प्रथिने हवीत, आणि वजन उचलणाऱ्याला साधारण १.६ ग्रॅमपर्यंत वाढवल्याचा फायदा दिसतो. माझ्यासाठी हा आकडा नव्वदच्या वर जातो. वाटीभर वरणातून पाच-सहा ग्रॅम मिळतात, त्यामुळे ‘आम्ही रोज डाळ खातो’ हे उत्तर पुरत नाही. मी सकाळी दोन अंडी खाते (बारा ग्रॅम), दुपारी पन्नास ग्रॅम सोया वड्यांची उसळ (सव्वीसच्या आसपास), संध्याकाळी शंभर ग्रॅम पनीर (अठरा), आणि उरलेले दही, दूध, डाळ व भाकरी यांतून येते. चतुर्थीला गणित कोलमडते, कारण साबुदाण्यात प्रथिने जवळजवळ नसतात आणि भिस्त दाण्याच्या कुटावर येते, त्याच्या तेलासकट. सासूबाईंना हे पटलेले नाही, पण उपवासाला पनीर चालते यावर आमची तडजोड झाली आहे. वजन उतरवायचे असेल तर आठवड्याला शरीराच्या अर्ध्या ते एक टक्क्याहून जास्त घाई करू नये, म्हणजे स्नायू टिकतात. मूत्रपिंडाचा आजार असेल तर प्रथिने वाढवण्याआधी, आणि रक्तदाब किंवा अंग बाहेर येण्याचा त्रास असेल तर जड वजन उचलण्याआधी, डॉक्टरांना विचारलेच पाहिजे.

गेल्या आठवड्यात वर्षाची फी भरायला गेले तेव्हा तोच फॉर्म, त्याच तीन चौकटी. मी एकाही चौकटीत खूण न करता बाजूला ‘डेडलिफ्ट ७० किलो’ असे लिहिले. काउंटरवरच्या मुलीने ते दोनदा वाचले आणि कॉम्प्युटरमध्ये टोनिंग निवडले. तिच्या स्क्रीनवर चौथा पर्याय नव्हता.