"आधीचं बघू नका" हा सल्ला पोरांना देऊ नका

मराठवाड्यातल्या कॉलेजच्या ग्रुपांवर सध्या एक मजकूर फार फिरतोय. आपल्या आवडीच्या विषयावर स्वतः लिहून, स्वतः झेरॉक्स मारून वाटायचा छोटा अंक म्हणजे झीन. असं झीन काढू पाहणाऱ्या किंवा एखाद्या गेमचं गाईड लिहू पाहणाऱ्या पोरापोरींसाठी तो मजकूर आहे. त्यात म्हटलंय ते थोडक्यात असं: आधीची झीन, आधीची गाईडं बघत बसू नका, बघितलं की नक्कल होते. झीन म्हणजे बंड, अभ्यास नव्हे. मराठीत असलं काही नाहीच, तर बघणार काय? गाईडांचा जमाना गेला, सगळं यूट्यूबवर आहे. उगाच कॉपीराइटच्या भानगडीत पडाल. वेळ घालवू नका, रात्री लिहायला बसा, सकाळी झेरॉक्स मारा. खाली एक चित्र आहे. गिटारच्या तीन कॉर्ड (एकत्र वाजवायचे सूर), "आता बँड काढा" अशा अर्थाची ओळ, आणि श्रेय 'स्निफिन ग्लू' या लंडनच्या पंक, म्हणजे बंडखोर रॉक संगीतावरच्या, झीनला.

लिहिणाऱ्याचा हेतू चांगलाच असणार. लातूर-हिंगोलीच्या पोराने बिचकू नये, हातात पेन घ्यावा, एवढंच त्याला म्हणायचं असेल. पण सल्ला चुकीचा आहे, आणि ज्यांच्याजवळ मुळातच अशा गोष्टी कमी पोचल्या त्यांचं त्याने जास्त नुकसान होतं. म्हणून त्यातल्या एकेका मुद्द्याला उत्तर देतो.

"झीन म्हणजे बंड, अभ्यास नव्हे"

आधी ते चित्र बघू. ते 'स्निफिन ग्लू'मधलं नाहीच. त्याच सुमाराच्या 'साइडबर्न्स' नावाच्या दुसऱ्या झीनमध्ये ते छापलं होतं. चुकीचं श्रेय इतकी वर्षं फिरतंय, कारण मूळ अंक उघडून बघायची तसदी फार थोड्यांनी घेतली. आणि चित्रात तरी काय आहे? तीन कॉर्ड बोटांच्या जागांसकट काढून दाखवल्यात. कॉर्ड बघूच नका, असं ते चित्र म्हणत नाही.

'स्निफिन ग्लू'ची स्वतःची गोष्ट तर या मजकुराच्या अगदी उलट आहे. मार्क पेरी हा लंडनमधला बँकेतला कारकून. १९७६ साली त्याला पंक बँडांचं वेड लागलं. 'रॉक ऑन' नावाच्या रेकॉर्डच्या स्टॉलवर जाऊन त्याने विचारलं, या बँडांवर वाचायला काही आहे का? नाही म्हणाले, मग तूच काढ की, असंही सहज बोलून गेले. त्याने घरी येऊन पहिला अंक काढला. आधी त्याने विचारपूस केली, काय नाही ते कळलं, आणि त्या रिकाम्या जागेत अंक उभा केला. त्याचं बंड त्या विचारपुशीनंतरचं आहे.

"बघितलं की नक्कल होते"

सगळ्यात जास्त शेअर होणारा मुद्दा हाच, आणि सगळ्यात जास्त घात करणाराही हाच.

ज्या पोरांनी एकही झीन किंवा गेमचं गाईड कधी हातात घेतलेलं नाही, त्यांचं पहिलं गाईड बघा. ते दहावीच्या गाईडसारखं निघतं. वर 'प्रस्तावना', मग 'महत्त्वाचे मुद्दे', मग चौकटीत 'लक्षात ठेवा', शेवटी 'निष्कर्ष'. नाहीतर कव्हर यूट्यूबच्या थंबनेलसारखं: मोठी पिवळी अक्षरं, लाल बाण, आश्चर्याने उघडलेलं तोंड. त्यांनी काहीच बघितलेलं नसतं असं नाही. लहानपणापासून डोळ्यांसमोर असलेलं तेवढं एकच बघितलेलं असतं, आणि हात आपोआप तेच गिरवतो. नक्कल इथे होते, आणि ती होतेय हे कळतही नाही. वेगवेगळ्या तऱ्हेची गाईडं चाळली, की पहिल्यांदा लक्षात येतं की पान असंही मांडता येतं.

जपानचं उदाहरण सांगतो. सातोशी ताजिरी या पोराने १९८३ मध्ये 'गेम फ्रीक' नावाचं झीन सुरू केलं. हाताने लिहिलेलं, झेरॉक्स काढलेलं, पिना मारलेलं. विषय आर्केडमधल्या, म्हणजे नाणं टाकून खेळायच्या मशीनवरच्या, गेमच्या खाचाखोचा. 'झेव्हियस' या गेमवरच्या अंकाच्या दहा हजारांहून जास्त प्रती खपल्या. केन सुगिमोरी नावाच्या एका चित्रकार पोराच्या नजरेला हे झीन दुकानात पडलं. त्याने ते वाचलं, ताजिरीला गाठलं आणि त्यातच चित्रं काढू लागला. दुसऱ्याचं झीन बघून सुगिमोरी नक्कल करणारा झाला नाही, त्याला जोडीदार मिळाला. १९८९ मध्ये या झीनची कंपनी झाली, आणि १९९६ मध्ये त्याच कंपनीने 'पोकेमॉन' हा गेम आणला. त्यातल्या प्राण्यांची चित्रं सुगिमोरीच्या हातची आहेत.

आता आपल्याकडचा गेम घेऊ. मुस्तफा. कॅपकॉमचा १९९३ चा 'कॅडिलॅक्स अँड डायनोसॉर्स' हा आर्केड गेम. पण बीड, जालना, नांदेडच्या पार्लरमध्ये नाणं टाकून खेळणाऱ्यांनी तो कायम 'मुस्तफा' म्हणूनच ओळखला, त्यातल्या एका पात्राच्या नावाने. समजा परभणीच्या तिघीजणींना यावर गाईड काढायचंय. काहीही न बघता बसल्या तर निम्मी पानं कशात जातील ते आजच सांगता येतं. पात्रं चार: जॅक, हॅना, मुस्तफा, मेस. मुस्तफा चपळ, मेस दणकट, जॅक सगळ्यात मधला. स्टेज आठ, बॉस अमुक. हे सगळं इंग्रजीत फार पूर्वी लिहून झालंय, एकेका बॉसला कुठल्या बाजूने गाठायचं इथपर्यंत. वीस मिनिटं ते वाचलं तर या तिघींना दिसेल की त्यात आपलं पार्लर कुठेच नाही. तिसरा गडी आला की मेस कुणाच्या वाट्याला जायचा, बॉसना पोरांनी काय नावं ठेवली होती, एका नाण्यात शेवटापर्यंत जाणाऱ्या पोराभोवती गर्दी कशी जमायची, पार्लरवाला मशीन कधी बंद करायचा, यातलं काहीच नाही. आणि पार्लरमध्ये पोरी यायच्या का? येत नसतील तर हॅना कोण खेळायचं? हे फक्त त्याच लिहू शकतात, आणि विचारायचं तर आत्ताच, कारण ते पार्लर चालवणारे काका अजून गावात आहेत. मुस्तफाच्या चपळाईवर पान खर्च करणाऱ्या गाईडमध्ये या काकांना जागाच उरत नाही.

"मराठीत असलं काही नाहीच"

हे वाक्य वाचून मला खरंच वाईट वाटलं, कारण ते मराठवाड्यात बसून लिहिलंय.

मराठीत लघुअनियतकालिकांची, म्हणजे जमेल तेव्हा निघणाऱ्या छोट्या अंकांची, अख्खी चळवळ होऊन गेली. पन्नासच्या दशकात अरुण कोलटकर, दिलीप चित्रे या मंडळींचं 'शब्द' सायक्लोस्टाइल करून निघायचं. पुढे अशोक शहाणे यांचं 'असो' आलं. स्वतः लिहायचं, स्वतः छापायचं, मोठ्या मासिकांनी दार उघडायची वाट बघायची नाही. झीन म्हणतात ते याहून वेगळं काय आहे? आणि यातलं 'वाचा' निघालं ते संभाजीनगरातून, तेव्हाच्या औरंगाबादेतून. भालचंद्र नेमाडे त्याच्याशी जोडलेले होते. त्याच शहरातून गंगाधर पानतावणे यांनी 'अस्मितादर्श' दशकानुदशकं चालवलं आणि ज्यांचं लिखाण कुठे छापलं जात नव्हतं अशा कितीतरी दलित लेखकांना पहिली जागा दिली. 'अस्मितादर्श' झीन नव्हतं, पण अंक टिकवायचा कसा, वर्गणी जमवायची कशी, नवखा लेखक हाताशी धरायचा कसा, हे शिकायला लंडनला जायची गरज नाही.

खेळांच्या गाईडांचंही तेच. बडोद्याहून १९३६ ते १९४९ या काळात दहा खंडांचा 'व्यायामज्ञानकोश' निघाला, मराठीत. देशी खेळांचे नियम, मैदानाची आखणी, डाव, सगळं त्यात मांडलंय. विटीदांडूवर किंवा लगोरीवर झीन काढायचं असेल तर आधी तो उघडा. आपल्या गावात मोजणी कशी वेगळी होते ते तिथल्या नियमाशेजारी ठेवूनच कळेल. आणखी मागे गेलात तर बाराव्या शतकातला 'मानसोल्लास' आहे. कल्याणीच्या तिसऱ्या सोमेश्वर चालुक्याचा हा संस्कृत ग्रंथ. त्यातला पाचवा भाग पूर्णपणे क्रीडांना दिलाय. कल्याणी म्हणजे आजचं बसवकल्याण, उमरग्याच्या पुढे सीमा ओलांडली की येतं.

व्हिडिओ गेमवर मराठीत छापलेलं फार थोडं आहे, हे मान्य. पण थोडं आहे हेही शोधल्यावरच म्हणता येतं.

"सगळं यूट्यूबवर आहे"

व्हिडिओ चांगले असतात, मीही बघतो. पण गाईडाचं काम वेगळं आहे, आणि ते काम काय हे जुनी गाईडं बघितल्यावर डोळ्यांत भरतं. १९८८ मध्ये अमेरिकेत 'निन्टेंडो पॉवर' हे मासिक सुरू झालं. त्यात पडद्यावरचा एकेक तुकडा जोडून अख्ख्या लेव्हलचे नकाशे छापलेले असायचे. पडद्यावर एका वेळी कधीच न दिसणारी गोष्ट त्या पानावर एका नजरेत दिसते. व्हिडिओत त्यासाठी मागे-पुढे सरकवत बसावं लागतं.

१९९५ मध्ये सुरू झालेल्या 'गेमएफएक्यूज' या वेबसाइटवरची, खेळणाऱ्यांनीच लिहिलेली साध्या मजकुरातली गाईडंही बघा. रेघा-ठिपक्यांनी काढलेले नकाशे, आणि वर गाईडाचा आवृत्ती क्रमांक: कधी काय दुरुस्त केलं, कुणी चूक दाखवली, कुणाची मदत झाली. ही सवय आपण उचलायलाच हवी. पबजी मोबाईलवर सप्टेंबर २०२० मध्ये बंदी आली, जुलै २०२१ मध्ये त्याची भारतासाठीची आवृत्ती बीजीएमआय आली, जुलै २०२२ मध्ये तीही काढून टाकली गेली, मे २०२३ मध्ये परत आली; मधल्या काळात नकाशे आणि बंदुका बदलत राहिल्या. गाईडावर तारीख आणि आवृत्ती नसेल तर सहा महिन्यांनी ते वाचणाऱ्याची दिशाभूल करतं. टीव्ही गेमच्या कॅसेटींचंही तसंच आहे. एका कॅसेटमध्ये शेकडो गेम सांगणाऱ्या त्या कॅसेटीत 'कॉन्ट्रा' मुळापेक्षा बदललेला असू शकतो. तुमच्याजवळची कॅसेट कुठली, ते लिहा.

तपासून बघण्याची गरज मात्र कागदावरच्या गाईडांनाही तितकीच आहे. १९९२ च्या एप्रिल अंकात 'इलेक्ट्रॉनिक गेमिंग मंथली' या अमेरिकन मासिकाने छापलं की 'स्ट्रीट फायटर टू'मध्ये शेंग लाँग नावाचा लपलेला लढवय्या आहे, आणि एकही फटका न खाता शेवटच्या बॉसपर्यंत गेलात तर तो भेटतो. ती एप्रिल फूलची थट्टा होती. दुसऱ्या मासिकांनी ती खरी समजून छापली, आणि जगभरच्या पोरांनी त्यापायी नाणी घालवली. 'पोकेमॉन'मध्ये जहाजाजवळच्या ट्रकखाली म्यू हा दुर्मीळ पोकेमॉन लपलाय, ही अफवाही अशीच फिरली. ट्रक खरोखर आहे, खाली काही नाही. ज्याने आधीची गाईडं शेजारी शेजारी ठेवून वाचली, त्याला कुठल्या गोष्टी फक्त ऐकीव आहेत ते पटकन दिसतं. मग गेम चालू करून स्वतः तपासायचं आणि लिहायचं: "हे आम्ही करून बघितलं, होत नाही."

"कॉपीराइटच्या भानगडीत पडाल"

बघण्याने, वाचण्याने कुठलीही भानगड होत नाही. कल्पनेवर कॉपीराइट नसतो, ती ज्या शब्दांत किंवा चित्रांत मांडली त्यावर असतो. आपल्या सुप्रीम कोर्टाने १९७८ मध्ये आर. जी. आनंद खटल्यात हेच सांगितलं. खेळाचे नियम तुमच्या शब्दांत लिहा. दुसऱ्याच्या गाईडातला परिच्छेद किंवा त्याने काढलेला नकाशा उचलू नका, घ्यायचाच असेल तर विचारून घ्या आणि नाव द्या. आणि आधी लिहिलेलं ज्याने वाचलंय, तोच नकळत दुसऱ्याचं वाक्य छापण्यापासून वाचतो.

"वेळ घालवू नका"

लागतो तो वेळ फार नाही. एखादा रविवार आणि थोडी चिकाटी. 'इंटरनेट आर्काइव्ह' या वेबसाइटवर जुनी गेमिंग मासिकं आणि गाईडं स्कॅन करून ठेवलेली आहेत, फुकट. 'व्हिडिओ गेम हिस्टरी फाउंडेशन' या संस्थेने २०२५ मध्ये खुल्या केलेल्या डिजिटल ग्रंथालयात मासिकांचे दीड हजारांवर अंक आहेत. मोबाईलवर उघडतात; इंग्रजी अडलं तरी नकाशे आणि मांडणी कळायला भाषा लागत नाही. अनियतकालिकांसाठी संभाजीनगरात बलवंत वाचनालय आहे, जीवन विकास ग्रंथालय आहे, मराठवाडा साहित्य परिषद आहे. तिथे जाऊन ग्रंथपालांना विचारा. नेमका अंक नसला तरी कुणाकडे मिळेल ते ते सांगू शकतात. तालुक्याच्या गावात असाल तर रद्दीवाल्याकडे आणि पार्लर चालवलेल्या माणसाकडे जा.

बघताना एक वही जवळ ठेवा. प्रत्येक अंकाबद्दल त्यात लिहा की यात काय नीट सांगितलंय, काय चुकलंय, आणि आपल्या गावातलं काय यात आलेलं नाही. तिसऱ्या प्रश्नाखाली पान भरायला लागलं की लिहायला बसा, मग रात्री बसलात तरी चालेल. आणि तुमचं झीन छापताना मागच्या कव्हरच्या आतल्या बाजूला, तुम्ही काय काय बघितलं आणि ते कुठे मिळालं, त्याची यादी द्या. पुढच्या वर्षी तुमच्याच कॉलेजातल्या कुणाला त्याच विषयावर काढावंसं वाटलं, तर शोध पुन्हा पहिल्यापासून करावा लागणार नाही.