न घसरणारं ग्रीस

बेळगावात ग्रीसवर मत नसलेला माणूस सापडणं कठीण. उद्यमबागेत लेथ चालतात, फाउंड्र्या चालतात, आणि चार घरं सोडली की बेअरिंगबद्दल ठाम बोलणारे कुणीतरी काका भेटतातच. कुंदा कुठला चांगला यावर वाद होईल, पण ग्रीस कशाला असतं यावर होत नाही. घासू नये म्हणून. विषय संपला.

रिमोटच्या गाडीचा डिफरन्शियल, म्हणजे दोन चाकांना जोर वाटून देणारी गिअरची पेटी, हातात घेतला की विषय तिथंच सुरू होतो. त्याच्या पोटात जे घालायचं असतं ते सहज फिरावं म्हणून नव्हे, तर फिरताना थोडं अडावं म्हणून. हे स्पेअर पार्टच्या दुकानात सांगून बघा.

"ग्रीस पाहिजे होतं."

"कुठल्या गाडीला?"

"कारला."

"कुठली कार?"

इथं आपले हात आपोआप हवेत दीडेक फूट पसरतात. मालक आधी हातांकडे बघतात, मग आपल्या पिकलेल्या मिशीकडे. "पोराची काय?" या प्रश्नाला 'होय' म्हणण्यात शहाणपण असतं.

"घट्ट द्या, मामा. चिकट. आतले गिअर सहज फिरू नयेत असं."

"मग घालायलात कशाला? घालूच नका की!"

यावर उत्तर आहे, खरं ते काउंटरवर, मागं टेंपोवाला क्लच प्लेट घेऊन उभा असताना देता येत नाही. म्हणून इथं देतो.

वळताना बाहेरचं चाक जास्त अंतर जातं, आतलं कमी. दोघांना वेगळ्या वेगानं फिरू देणं हे डिफरन्शियलचं काम. खरं तो भोळा आहे. एक चाक उचललं गेलं किंवा मुरमावर सुटलं की सगळा जोर तिकडंच जातो. ते चाक भिंगरीसारखं फिरतं आणि जमिनीवरचं चाक बघत बसतं. पोटात दाट सिलिकॉन तेल भरलं की दातांमधून ते पिळून निघताना विरोध करतं, आणि दोन चाकांच्या वेगातला फरक आटोक्यात राहतो. म्हणजे ही वंगणाच्या वेषातली ब्रेकच झाली.

दाटपणा सेंटिस्टोकमध्ये मोजतात. पाणी साधारण १. डिफरन्शियलची तेलं हजारांत आणि लाखांत. पंचहजारी म्हटलं की मराठी माणसाला आग्र्याचा दरबार आठवतो. इथं पंचहजारी म्हणजे थंडीतली काकवी, बाटली उपडी केली तर विचार करून बाहेर येणारी. १ लाखाचं तेल चमच्याला लोंबकळत राहतं. ५ लाखांचं ओतायच्या भानगडीत पडू नये, काडीनं उचलून ठेवावं. ज्यांच्या घरी पाकाची तार बोटांवर बघतात त्यांना हे लगेच कळतं. बाकीच्यांनी बाटलीवरचा आकडा वाचावा, खरं चष्मा लावून. '३० वेट' हे शॉकअॅब्सॉर्बरचं तेल, एका नावाजलेल्या कंपनीच्या मापात फक्त ३५० सेंटिस्टोक. '३० के' म्हणजे ३० हजार. दोन्ही बाटल्या पारदर्शक, दोन्ही तेलं पारदर्शक, आणि फरक साधारण पंच्याऐंशीपट. पहिलं डिफरन्शियलमध्ये घातलं तर घातलं काय नि न घातलं काय.

हवा तो आकडा मिळाला नाही की मिसळायचा मोह होतो. मिसळा, सिलिकॉनमध्ये सिलिकॉन चालतं. फक्त १० हजार आणि १ लाख निम्मं-निम्मं घातलं तर ५५ हजार होत नाही, साधारण ३२ हजारांच्या आसपास येतं. पातळाचा अंमल जास्त असतो. ताकाचं तसंच आहे.

कुठं किती? १/८ मापाच्या, म्हणजे खऱ्या गाडीच्या आठव्या हिश्श्याच्या, तीन डिफरन्शियलवाल्या बग्गीला मी पुढे ५ हजार, मधे ७, मागे ३ इथून सुरुवात करा म्हणेन. मागचं फार दाट केलं की सरळ जोरात पळते, पण वळणावर गॅस दिला की शेपूट बाहेर. पुढचं पातळ केलं की गॅस सोडल्यावर झटकन आत वळते, जरा जास्तच. मधलं पातळ झालं तर पुढची चाकं हवेत फुग्यासारखी फुगून फिरतात आणि गाडी जागेवरच. व्हॅक्सिन डेपोसारख्या मातीच्या मैदानावर सकाळच्या दवात एक वागणूक, अकराच्या धुळीत दुसरी. एका वेळी एकाच डिफरन्शियलमध्ये बदल करा, नाहीतर कोण गुन्हेगार ते कळत नाही.

भरण्यातच खरी परीक्षा. चार स्क्रू काढा, जुनं तेल कागदानं आणि कानातल्या काडीनं टिपा. मधली आडवी पिन बघा. एका बाजूनं चपटी झाली असेल तर बदला. शिम्स, म्हणजे गिअरमागच्या चकत्या, मोजून बशीत ठेवा, त्या केसाइतक्या पातळ आणि बोटाला चिकटून जायच्या स्वभावाच्या. ओ-रिंगला, म्हणजे तेल अडवणाऱ्या रबरी कड्याला, सिलिकॉन ग्रीसचा हात फिरवा. पेट्रोलियमचं ग्रीस नायट्राइल रबराच्या रिंगला सोसतं, दुसरी काही रबरं फुगतात, आणि डोळ्याला सगळ्या रिंगा काळ्याच. मग तेल: गिअर जेमतेम बुडतील इतकं, काठोकाठ नको. तापल्यावर ते फुगतं आणि वाट काढतं. दांडा हळूहळू फिरवा, दहा मिनिटं थांबा, बुडबुडे वर येऊ द्या. दाट तेलात बुडबुडा सरकारी फायलीसारखा वर येतो. स्क्रू समोरासमोरचे थोडे-थोडे आवळा. प्लास्टिकच्या पेटीत शेवटचा अर्धा पिळा हा थ्रेडचा शेवट असतो. सराफी वजनकाट्यावर पेटीचं वजन लिहून ठेवलंत तर पुढच्या वेळी अंदाजपंचे नको.

टामिया कंपनीच्या टीटी-०२ या गाडीच्या मूळ पेटीला मात्र ओ-रिंगच नसते. त्यात पातळ तेल घालणं म्हणजे चाळणीत ताक. तिथं चिकट, दाट ग्रीस किंवा ५ लाखांच्या वरचं सिलिकॉन. कुणी एम-सील भरून पेटी कायमची बंद करतात; घसरत चालवायची गाडी असेल तर चालेल, परत उघडायची मात्र आशा नाही.

मामांचं काळं मॉली ग्रीस आणि लिथियम ग्रीस फुकट जातं असं नाही. पेटीबाहेरच्या मोठ्या क्राउन गिअरवर आणि त्याला फिरवणाऱ्या छोट्या पिनियनवर त्याचं बोट फिरवायचं. आत गिअरऐवजी गोळ्या असलेल्या बॉल डिफरन्शियलमध्ये तर गंमतच आहे: थ्रस्ट बेअरिंगला मॉली, आणि मोठ्या गोळ्यांना सिलिकॉन ग्रीस, कारण त्या गोळ्यांनी रिंग पकडायची असते. उलट झालं की गाडी जागेवर गुरगुरते. आणि मोटारीजवळचा उघडा नायलॉन गिअर कोरडाच ठेवा. ग्रीसवर आपली तांबडी धूळ बसली की व्हॉल्व्ह घासायची पेस्ट तयार.

खोबरेलाचा सल्ला हमखास मिळतो. ते २४ अंशांच्या आसपास गोठतं. म्हणजे आपल्या डिसेंबरात सकाळी डिफरन्शियल जाम, दुपारी मोकळा, संध्याकाळी मैदानभर मुंग्या.

जोडून झालं की क्राउन गिअर धरून एक दांडा फिरवा. दुसरा उलटा, संथ, आवाज न करता फिरला पाहिजे. मग पेटी उभी करून रात्रभर पेपरावर ठेवा. सकाळी पेपरावर गोल डाग दिसला तर ओ-रिंग बसलेली नाही. आणि पेपर कोरडा, पण बशीत एक शिम उरलेली, असं असेल तर चहा ठेवा आणि चार स्क्रू पुन्हा काढा.