डोळे झाकून ‘फॉलिंग एज’ लिहू नका

लिनक्स ड्रायव्हर शिकणाऱ्यांमध्ये एक सल्ला हातोहात फिरतो: "लेव्हल ट्रिगर लावला की इंटरप्टचा पूर येतो नि बोर्ड गोठतो. ड्रायव्हरमध्ये सरळ फॉलिंग एज लिहा. सुरक्षित आहे, वेगवानही आहे."

इंटरप्ट म्हणजे चिपने एका तारेवरून, म्हणजे लाइनवरून, प्रोसेसरला दिलेली हाक. लाइन वरून खाली येते तो क्षण फॉलिंग एज, खालून वर जाते तो रायझिंग; लेव्हल ट्रिगर क्षण नाही, लाइनची स्थिती बघतो. पूर येतो, हे खरं. पण तो लेव्हलमुळे नव्हे. लेव्हल-लो म्हणजे लाइन खाली आहे तोवर मागणी उभी. चिपचं स्टेटस साफ न करता हँडलर (इंटरप्ट आला की चालणारं फंक्शन) संपवलात, तर लगेच पुन्हा बोलावणं येणारच. आय-टू-सी (दोन तारांची बस) सेन्सरचं स्टेटस साफ करायला बसवर बोलावं लागतं, त्यात थांबावं लागतं, आणि हार्ड इंटरप्टमध्ये, म्हणजे हाक येताच चालणाऱ्या पहिल्या हँडलरमध्ये, थांबायला मनाई. म्हणून ते काम थ्रेडकडे, म्हणजे थांबायची मुभा असलेल्या दुसऱ्या हँडलरकडे, जातं. थ्रेड संपेपर्यंत लाइनवरचा इंटरप्ट बंद ठेवायला ‘वनशॉट’ फ्लॅग आहे. तो विसरून पहिला हँडलर ‘नल’ (रिकामा) दिलात, तर कर्नल सहसा विनंतीच फेटाळतो.

आता ‘सुरक्षित’. एका टचस्क्रीनने माझे तीन दिवस खाल्ले. ड्रायव्हरमध्ये अर्थातच फॉलिंग एज. फिफो (आल्या क्रमाने नोंदी साठवणारी रांग) रिकामा होईपर्यंत ही चिप लाइन खालीच धरते. हँडलर एक नोंद वाचायचा, तेवढ्यात दुसरा स्पर्श फिफोत पडायचा. लाइन वर गेलीच नाही, तर पुन्हा खाली कशी येणार? नवी एज नाही, इंटरप्ट नाही, स्क्रीन मेलेला. सावकाश बोट फिरवलं की सगळं ठीक, म्हणून चाचणीत सापडेना! लेव्हल-लो आणि वनशॉट लावल्यावर थांबलं. फॉलिंग एज लावलेली असताना ड्रायव्हरने इंटरप्ट मागण्याआधीच चिपने लाइन खाली ओढली असेल, तरी हीच गत होऊ शकते.

‘वेगवान’बद्दल फार लिहीत नाही. इंटरप्ट आल्यापासून हँडलरपर्यंतची वाट दोन्हीकडे जवळपास तेवढीच.

खरी खोट ‘ड्रायव्हरमध्ये लिहा’ या शब्दांत आहे. बोर्डवर मध्ये इन्व्हर्टर (सिग्नल उलटा करणारा भाग) असला की चिपची लो प्रोसेसरला हाय दिसते. हे चिपच्या ड्रायव्हरला कुठून कळणार? ते डिव्हाइस ट्रीत, म्हणजे बोर्डवर काय कसं जोडलंय हे कर्नलला सांगणाऱ्या वर्णनात, लिहायचं: 1 रायझिंग, 2 फॉलिंग, 4 हाय, 8 लो. ड्रायव्हरने ट्रिगरचे बिट कोरे सोडले तर तेच लागू होतं; स्वतःचा फ्लॅग रेटला तर एकट्याच्या लाइनवर डिव्हाइस ट्रीचं म्हणणं पुसलं जातं. शेअर केलेल्या लाइनवर दोन ड्रायव्हरचे ट्रिगर जुळले नाहीत तर दुसऱ्याला ‘ईबिझी’ हा एरर. आणि लाइन जीपीआयओतून (सर्वसाधारण पिनमधून) न येता थेट एआरएमच्या जीआयसीत (इंटरप्ट कंट्रोलरमध्ये) एसपीआय म्हणून (इथे शेअर्ड पेरिफेरल इंटरप्ट, एसपीआय बस नव्हे) येत असेल, तर तिथे चालतात फक्त रायझिंग एज आणि लेव्हल-हाय. म्हणजे हा ‘नेहमी चालणारा’ फॉलिंग तिथे दारातच अडतो.

एज हवीच, अशा जागाही आहेत. क्षणभर पल्स देऊन मोकळी होणारी चिप, किंवा दाबणं नि सोडणं दोन्ही कळायला हवं असं बटण. बटणाला तर दोन्ही एज लागतात, एकटी फॉलिंग तिथेही पुरत नाही.