बेल दोनदा वाजली की मी : एका प्रतिक्रियेला उत्तर

ताई, नमस्कार.

राणीच्या दिमतीतल्या बायकांवरच्या माझ्या लेखावरची तुमची प्रतिक्रिया काल रात्री लोकलमध्ये वाचली आणि दादरपासून मुलुंडपर्यंत तुमच्याशी मनातल्या मनात भांडत आले. घरी आल्यावर पुन्हा वाचली तेव्हा निम्मं भांडण मावळलं. उरलेलं इथे लिहिते.

तुमचे मुद्दे दोन. अठराव्या शतकातली इंग्रज लेखिका फॅनी बर्नी ही लेडी-इन-वेटिंग, म्हणजे राणीची मानाची सोबतीण, नव्हतीच, मी तिला उगाच त्या पंगतीत बसवलं. आणि, ‘माझ्या आईने गिरगावात चार घरच्या पोळ्या लाटल्या, तिच्यापुढे या राजवाड्यातल्या बायकांचं रडगाणं कशाला?’

पहिला मुद्दा मान्य. लेडी-इन-वेटिंग म्हणजे उमरावांच्या घरातल्या बायका. त्यांच्या पाळ्या असायच्या, पाळी संपली की आपापल्या घरी. बर्नी संगीतज्ञाची मुलगी, इंग्लंडच्या राणी शार्लटच्या पोशाखांची देखभाल करणाऱ्या दोघींपैकी हुद्द्याने कनिष्ठ. माझ्या लेखाच्या शीर्षकातला ‘दासी’ तर साफ चुकला. दासी म्हणजे पेशवाईतल्या कुणबिणी, ज्यांची खरेदी-विक्री व्हायची. लेडी-इन-वेटिंग बायकांचं वजन वेगळंच होतं. १८३९ मध्ये रॉबर्ट पील ब्रिटनचे पंतप्रधान व्हायला निघाले आणि म्हणाले, राणीभोवतीच्या काही बायका विरोधी पक्षातल्यांच्या घरच्या आहेत, त्या बदला. १९ वर्षांच्या व्हिक्टोरियाने ठाम नकार दिला. पीलनी सरकार बनवलंच नाही, आधीचे पंतप्रधान मेलबर्न परत आले. शीर्षक आता ‘राणीच्या खिजमतीतल्या बायका’ असं केलंय.

दुसऱ्या मुद्द्यावर मात्र थोडं ऐकून घ्या.

बर्नी १७८६ साली नोकरीला लागली तेव्हा ३४ वर्षांची होती, नावाजलेली कादंबरीकार. पगार वर्षाला २०० पौंड. पहाटे सहाला उठायचं, साडेसातच्या सुमाराला राणीचं पहिलं बोलावणं, शेवटचं मध्यरात्रीच्या आसपास. बोलावणं म्हणजे घंटा, आणि त्या घंटेचाच अपमान तिला सगळ्यात जास्त बोचायचा. त्याच वर्षी राजा-राणीबरोबर ऑक्सफर्डला जाणं झालं. राजघराण्यासमोर बसायचं नाही, खायचं नाही, त्यामुळे बरोबरची मंडळी तासन्‌तास उभी आणि उपाशी. शेवटी एका कॉलेजात मागच्या टेबलावर खाणं मांडलं होतं, तिथे काहीजण आडोसा करून उभे राहिले आणि त्यांच्यामागे बाकीच्यांनी चोरून खाऊन घेतलं. आपल्याकडे लग्नात वाढपी दाराआड उभ्याउभ्या जिलबी तोंडात टाकतात ना, अगदी तसं.

हे मला का भिडलं, ते मूळ लेखात लिहायचं टाळलं होतं. फोर्टमधल्या एका कंपनीत मी ११ वर्षं साहेबांची सेक्रेटरी होते. त्यांच्या टेबलावर बेल. एकदा वाजली की शिपाई, दोनदा वाजली की मी. पगार चांगला, एसी केबिन, आई चाळभर सांगत फिरायची. आणि डब्याचं झाकण उघडून पोळीचा तुकडा मोडला की नेमकी बेल. दोनदा. भाजीचा हात तसाच, डाव्या हातात डिक्टेशनची वही. नोकरी सोडून सहा वर्षं झाली, अजून शेजाऱ्यांची बेल लागोपाठ दोनदा वाजली की मी उठून उभी राहते. नवरा हसतो.

याला कुणी हालअपेष्टा म्हणणार नाही, मीही म्हणत नाही. तुमच्या आईंच्या कष्टांशी तुलना करायचा विचारही नव्हता. मला फक्त त्या घंटेबद्दल लिहायचं होतं. आणि नोकरी सोडून जाणं तरी कुठे सोपं होतं? बर्नीचा राजीनामा १७९० च्या अखेरीस राणीकडे पोचला, सुटका झाली १७९१ च्या जुलैत. तोवर तब्येत पार ढासळली होती. वर्षाला १०० पौंड पेन्शन मिळाली, तेही खरं.

आता तुमच्या बाजूचं एक, जे तुम्हीही लिहिलं नाहीत. बर्नीच्या दिमतीला स्वतःची मोलकरीण होती, एक गडीही होता. सहाला उठणाऱ्या बाईची मोलकरीण किती वाजता उठत असेल? तिच्याबद्दल मी अख्ख्या लेखात एक ओळही लिहिली नाही.

आईंचं चार घरांपैकी पहिलं घर किती वाजता असायचं? विचारून सांगाल का?