वाघाला पापण्या असाव्यात

प्राण्यांचं चित्रपुस्तक हातात आलं की आधी ते उलटं करा. मागे किंमत असते. पुस्तक लहान मुलाला योग्य आहे की नाही, याचा निम्मा निकाल तिथेच लागतो. ६० रुपयांचं असेल तर लगेच खाली ठेवा. ६० रुपयांचं पुस्तक घेऊन वाढदिवसाला जाता येत नाही, आणि गेलात तर जेवण गोड लागत नाही. ४९९ असेल तर पुस्तक दर्जेदार आहे, आत उघडून बघायचं कारण नाही. स्टोरीवीव्हरसारख्या वेबसाइटवर मराठीतली चित्रपुस्तकं चक्क फुकट वाचायला मिळतात. तिकडे फिरकूसुद्धा नका. फुकटच्या पुस्तकाला चकचकीत कागद गुंडाळता येत नाही. मुख्य म्हणजे किमतीचं लेबल नखाने असं खरवडता येत नाही, की निघाल्यासारखं दिसावं पण यजमानांना आकडा वाचता यावा.

किमतीनंतर प्राणी मोजा. मुखपृष्ठावर '१०१ प्राणी' असं लिहिलेलं असतं, ते कुणी मोजत नाही. तुम्ही मोजा. ४९९ भागिले १०१ म्हणजे प्राण्यामागे पाच रुपयेसुद्धा पडत नाहीत. एवढ्यात हल्ली कोथिंबिरीची काडी येत नाही, इथे अख्खा गेंडा येतो. काही चक्रम प्रकाशक एका पानावर एकच प्राणी काढतात, आजूबाजूला नुसतं गवत आणि आभाळ. म्हणे मुलाची नजर तिथे रेंगाळते. तुम्ही गवताचे पैसे का द्यायचे? एका पानावर नऊ चौकोन आणि नऊ चौकोनांत नऊ प्राणी, हा हिशोब चोख. मी घेतलेल्या पुस्तकात हत्ती आणि गोगलगाय शेजारी-शेजारी होते. दोघंही अंगठ्याएवढे. गोगलगाय थोडी उजवीच.

आता चेहरा. लहान मुलांसाठीच्या वाघाला लांब पापण्या असाव्यात. गालावर गुलाबी टिकल्या असाव्यात, तोंड हसरं असावं, आणि शक्य असेल तर अंगात पट्ट्यापट्ट्यांचा टी-शर्ट, म्हणजे खालचे पट्टे काढायचे कष्ट चित्रकाराला पडत नाहीत. वाघ काय खातो हा विषय पुस्तकात येता कामा नये. हरणाच्या मागे धावणारा वाघ दिसला की पुस्तक मिटा, मुलाच्या मनावर परिणाम होतो. मग त्याला जेवू घालताना समोर बातम्यांचं चॅनल लावा.

टोरंटो विद्यापीठातल्या एका संशोधक बाईंचा आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा एक अभ्यास २०१४ मध्ये प्रसिद्ध झाला होता. प्राणी माणसासारखे बोलतात-वागतात अशी पुस्तकं वाचून दाखवली की लहान मुलांना त्या प्राण्यांची खरी माहिती कमी कळते आणि माणसाचे गुण मात्र ती प्राण्यांना जास्त चिकटवतात, असं त्यात दिसलं. हे वाचून मी जरा अस्वस्थ झालो होतो. मग लक्षात आलं, आपल्याला कुठे माहिती द्यायची आहे? आपल्याला पुस्तक द्यायचं आहे.

तरी एखाद्याला माहितीचा सोस असतोच. त्याने काही गोष्टी तपासून घ्याव्यात. पांढरं अस्वल आणि पेंग्विन एकाच बर्फावर उभे आहेत ना? पाहिजेतच. एक उत्तर ध्रुवाकडचं, दुसरे दक्षिण गोलार्धातले, जन्मात भेट व्हायची नाही. मग पुस्तकाने तरी भेट घडवायची नाही तर कुणी? राणीच्या बागेत २०१६ मध्ये आणलेले पेंग्विन तर हम्बोल्ट जातीचे, पेरू-चिलीच्या किनाऱ्यावरचे. बर्फ त्यांच्या गावीही नसतो. काळा कुळकुळीत पक्षी काढून खाली 'कोकिळा गाते' असं लिहिलेलं हवं. काळा असतो तो नर, आणि कुहू करतो तोही नरच. बिचारी कोकिळा तपकिरी, अंगभर ठिपके, आवाज किकिक असा. तिला पुस्तकात घेतली तर पानाची शोभा जाते. ससा पांढराशुभ्र, लाल डोळ्यांचा आणि हातात गाजर धरलेला. शेताच्या बांधावरून तुमच्या मोटरसायकलसमोर उडी मारतो तो मातकट ससा मोजायचा नाही.

खारीकडे नीट बघा. ती तांबडी, झुपकेदार शेपटीची आणि बिनपट्ट्यांची असली पाहिजे. आपल्या खारीच्या पाठीवर रामाची बोटं उमटलेली असतात, ही गोष्ट आजी सांगेल आणि मूल पुस्तकातल्या खारीच्या पाठीवर बोटं शोधत बसेल. शोधू द्या, तेवढाच वेळ जातो. शेकरू तर नकोच. तो महाराष्ट्राचा राज्यप्राणी आहे हे नंतर स्पर्धा परीक्षेच्या वेळी पाठ करायचंच आहे, आतापासून ओझं कशाला?

'फॉक्स' म्हणजे कोल्हा, असं लिहिलेलं आणि वर भगव्या रंगाचा, शेपटीच्या पांढऱ्या टोकाचा विलायती गृहस्थ काढलेला, हे तर ठरलेलंच. आपला कोल्हा म्हणजे इंग्रजीतला 'जॅकल'. 'फॉक्स'च्या कुळातलं आपल्याकडे असतं ते खोकड. 'खोकड' शब्द वाचून मुलाची आई विचारेल, खोकला झाल्यावर देतात ते का? म्हणून नकोच. तसंही रात्री कोल्हेकुई ऐकू येईल अशा जागी आता आपलं कुणी राहत नाही, आणि जे राहतात त्यांच्यासाठी ही पुस्तकं काढलेली नसतात.

शब्दांचं आलंच आहे तर पिल्लांचं बोलून घेऊ. मराठीने उगाच प्रपंच वाढवून ठेवला आहे. गाईचं वासरू, म्हशीचं रेडकू, शेळीचं करडू, मेंढीचं कोकरू, घोड्याचं शिंगरू, हरणाचं पाडस, वाघाचा बछडा, सिंहाचा छावा. इतक्या पिल्लांची इतकी नावं ठेवायला त्या काळी लोकांना वेळ होता. चांगल्या पुस्तकात एकच शब्द असतो, 'बेबी'. बेबी काऊ, बेबी गोट, बेबी लायन. आवाजाचंही तसंच. गाय हंबरते, घोडा खिंकाळतो, म्हैस रेकते, मोर केकारव करतो, हे वाचून दाखवायचं म्हणजे आधी तुम्हाला यायला हवं. त्यापेक्षा बटण असलेलं पुस्तक घ्या. बटण दाबलं की गाय 'मूऽऽ' करते आणि बदक 'क्वॅक क्वॅक' करतं, अगदी परदेशी उच्चारात. १६५८ साली न्यूरेंबर्गला कमेनियस नावाच्या गुरुजींचं एक सचित्र पुस्तक निघालं. मुलांसाठीचं पहिलं चित्रपुस्तक म्हणून त्याचं नाव घेतात. त्यात मुळाक्षरं प्राण्यांच्या आवाजांवरून शिकवली होती, कावळा कसा ओरडतो, कोकरू कसं बेंऽऽ करतं, असं. म्हणजे गुरुजींना वर्गात उभं राहून कोकरू व्हावं लागत असणार. आपल्यावर ती वेळ येत नाही, हे बॅटरीचे उपकार.

(बॅटरीचं मात्र थट्टेवारी नेत नाही. त्या पुस्तकांत शर्टाच्या गुंडीएवढा चपटा सेल असतो. मुलाने तो गिळला तर दोन तासांतसुद्धा अन्ननलिका आतून भाजू शकते. सेलचं झाकण स्क्रूने बंद नसेल तर पुस्तक घेऊ नका, आणि सेल पोटात गेल्याचा नुसता संशय आला तरी थेट दवाखाना गाठा. खेळण्यांवर आयएसआयची खूण १ जानेवारी २०२१ पासून सक्तीची आहे, पण तुमच्या हातातली वस्तू पुस्तक आहे की खेळणं, हे दुकानदारालाही सांगता येत नाही. आता पुन्हा थट्टेकडे.)

वरच्या सगळ्या कसोट्या लावून मी मागच्या दिवाळीत एक पुस्तक घेतलं. ४९९ रुपये, १०१ प्राणी, जाड पुठ्ठ्याची पानं, गोल कोपरे, सोबत पुसता येणारं पेन. भाऊबीजेला ताईकडे गेलो. ताईचं सासर जुन्नर तालुक्यातल्या नारायणगावाजवळ, गावाबाहेरची वस्ती, तिन्ही बाजूंनी ऊस. भाची तीन वर्षांची. तिने पुस्तक उघडलं, पान उलटलं आणि एका चौकोनावर बोट ठेवलं.

"बिबट्या."

मी खाली वाचलं. 'चीता', आणि त्याखाली मराठीत 'चित्ता'.

"नाही राणी, हा चित्ता. म्हण, चित्ता."

"बिबट्या."

"चित्ता."

"बिबट्याच. तो तिकडून येतो." तिने उसाकडे हात केला.

ताईचे सासरे ओट्यावर सुपारी कातरत बसले होते. त्यांनी पुस्तक मागून घेतलं, लांब धरलं, जवळ धरलं. "पाव्हणं," ते म्हणाले, "ह्यो बिबट्याच हाय की. आमच्या वळखीचा हाय."

इथे तुमचा कस लागतो. जुन्नरच्या पट्ट्यात मूल चालायला लागलं की 'बिबट्या' हा शब्द शिकतंच, आणि तो चित्रपुस्तकातून शिकत नाही. ऊसतोडीला गेलेल्यांना सरीत बछडे सापडतात, धरलेले बिबटे ठेवायला माणिकडोहला निवारा केंद्र आहे, अंधार पडला की पोरांना अंगणातून घरात घेतात. अशा माणसांसमोर पुस्तकाची बाजू लावून धरायची म्हणजे धीर हवा. मी धरली. मी म्हणालो, "अण्णा, छापलंय म्हणजे विचार करूनच छापलं असेल."

ते काही बोलले नाहीत. सुपारी कातरत राहिले.

आता तुम्हाला म्हणून सांगतो, चित्र बिबट्याचंच होतं. बिबट्याच्या अंगावर फुलासारखे पुंजके असतात, मधे पोकळ. चित्त्याचे ठिपके भरीव, टिकली लावल्यासारखे, आणि डोळ्यापासून तोंडापर्यंत अश्रू ओघळल्यासारखी काळी रेघ. पुस्तकातल्या प्राण्याला रेघ नव्हती, पापण्या होत्या. भारतातून चित्ता संपल्याचं १९५२ मध्ये जाहीर झालं. १७ सप्टेंबर २०२२ ला नामिबियाहून आठ चित्ते आणून मध्य प्रदेशातल्या कुनोच्या जंगलात सोडले, तोवर सत्तर वर्षं या देशाच्या जंगलात चित्ता नव्हता. म्हणजे पुस्तकवाल्याला तो नीट ठाऊक नसणं समजून घेता येतं. बिबट्या ठाऊक नसणंही समजून घेता येतं, कारण त्याच्या ऑफिसच्या मागे ऊस नसणार. प्रश्न भाचीचा होता. तिला दोन्ही बाजू समजून घेता येत नव्हत्या.

शेवटी एका चॉकलेटवर ती 'चित्ता' म्हणाली. आम्ही सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. ताईने व्हिडिओ काढला.

पुस्तक वाचायची पद्धतही हीच ठेवा. मुलाला मांडीवर घेऊन, पान उलटू देऊन, ते ज्या पानावर थांबेल तिथे आपणही थांबायचं, हे फावल्या वेळातल्या लोकांचे उद्योग आहेत. तुम्ही बोट ठेवायचं आणि विचारायचं, "हे काय?" उत्तर आलं की पुढचा चौकोन. चुकलं की मागचा. १०१ प्राणी वीस मिनिटांत बसतात. मधेच मूल म्हणालं की हत्तीला शी कुठून होते, तर ते अभ्यासक्रमात नाही. मुंगीच्या चौकोनावर जमिनीवरची खरी मुंगी आणून ठेवली, तर पुस्तक खराब होतं म्हणून ओरडा. आणि पुस्तक तोंडात घालायला लागलं की काढून घ्या आणि शोकेसमध्ये ठेवून द्या, वरच्या कप्प्यात, काचेच्या राजहंसाच्या मागे. तिथे पुस्तक बरीच वर्षं टिकतं. माझ्या लहानपणीचं एक असंच टिकलं आहे, अजून त्याची पानं एकमेकांना चिकटलेली आहेत.

निघायच्या आधी भाचीने पुस्तक पुन्हा आणलं. पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत गेली. मग मागून पुढे आली. पुठ्ठ्याची पानं तिला सरकत नव्हती, दोन-दोन एकदम उलटत होती.

"काय शोधतेस गं?"

"मामा, म्हस कुठाय?"

मी पुस्तक घेतलं. पुस्तकात कांगारू होता, कोआला होता, नारव्हाल होता. 'यू'ला युनिकॉर्न होता, सप्तरंगी आयाळीचा. गाय होती, काळी-पांढरी, बिनशिंगांची, गळ्यात घंटा. मी १०१ चौकोन एकेक करून पाहिले. मघाशी ज्या दुधाचा चहा प्यायलो ते दूध देणारी ओट्यापासून वीस पावलांवर रवंथ करत उभी होती, शेपटीने माश्या उडवत.

"नाहीये गं यात," मी म्हणालो. "ती काही एवढी महत्त्वाची नसते."

भाचीने पुस्तक माझ्या मांडीवर ठेवलं आणि ती गोठ्याकडे पळाली. म्हशीला सांगायला.