झड लागली की लेकरांचं काय करायचं?

रेड अलर्ट आला, शाळेला सुट्टी जाहीर झाली, की आमच्या लातुरात पालकांच्या प्रत्येक ग्रुपवर एकच प्रश्न फिरायला लागतो. दिवसभर या लेकरांचं करायचं काय? खाली उत्तरं येत राहतात. कुठलं अॅप चांगलं, गेम झोन कुठे आहे, ऑनलाइन ड्रॉइंग क्लासची फी किती. मला यावर जरा सविस्तर लिहायचंय, कारण पावसानं घरात बसवलं असे दिवस आपल्या मराठवाड्याच्या वाट्याला मुळात कमी येतात. आलेले दिवस आपण "काय हे घाण वातावरण" म्हणत काढतो, याचं मला फार वाईट वाटतं. आपलं बोलणं लेकरं ऐकत असतात. ज्या शहरानं २०१६ मध्ये पाणी घेऊन येणारी रेल्वे पाहिली, त्या शहरातल्या लेकरांनी पावसाला घाण म्हणायला शिकू नये.

माझं मत सरळ आहे. अशा दिवशी घरातलं एक मोठं माणूस फोन बाजूला ठेवून तास-दोन तास खाली फरशीवर बसलं, तर बाकी फारसं काही विकत आणावं लागत नाही. आई असो, बाप असो, आज्जी-आजोबा असोत. "तुम्ही खेळा, मी आलेच" असं म्हणून सोफ्यावर मोबाईल बघत बसलं, तर लेकरंही थोड्या वेळानं मोबाईलच मागणार. जागतिक आरोग्य संघटनेनं २०१९ मध्ये सांगितलंय की दोन ते चार वर्षांच्या मुलांसाठी स्क्रीनचा वेळ दिवसाला एक तासाच्या वर नको, आणि त्याहून लहान लेकरांना तर नकोच. झडीच्या दिवशी हा एक तास नाश्त्यालाच संपलेला असतो.

आमच्याकडे पहिला मान चल्लस आठचा. कुणी याला अष्टचंग म्हणतं. फरशीवर खडूनं पाच बाय पाच घरांचा पट आखायचा. चारही बाजूंच्या मधल्या घरात आणि बरोबर मध्यभागी फुली मारायची. चौघांनी चार बाजू घ्यायच्या, प्रत्येकाच्या चार सोंगट्या. जुन्या शर्टांची वेगवेगळ्या रंगांची बटणं त्यासाठी फार छान. फासे म्हणून चार कवड्या नसतील तर चार चिंचोके घ्यायचे. खडबडीत फरशीवर चिंचोका घासत राहायचा. घासता घासता तो इतका तापतो की बोटाला चटका बसतो, मग थांबायचं, फुंकर मारायची, परत घासायचा. हळूहळू तपकिरी साल जाते आणि आतला पांढरा गर दिसायला लागतो. एक बाजू पांढरी, एक तपकिरी, झाली कवडी तयार. आमच्या चौथीतल्या पोरीनं असे चिंचोके घासण्यात अख्खी सकाळ घालवली आणि टीव्हीकडे पाहिलंसुद्धा नाही.

खेळ असा. जितके पांढरे वर, तितकी घरं पुढे. चारही पांढरे पडले तर चार, चारही तपकिरी पडले तर आठ, आणि चार किंवा आठ पडले की आणखी एकदा टाकायला मिळतं. फुलीवरच्या सोंगटीला कुणी मारू शकत नाही. बाहेरच्या सोळा घरांतून फेरी मारायची, मग आतल्या आठ घरांत उलटं फिरून मधल्या फुलीवर पोचायचं. पण समोरच्याची एक तरी सोंगटी मारल्याशिवाय आत जाता येत नाही, आणि खरी गंमत इथंच आहे. आमचा धाकटा पहिलीत आहे. वहीतली बेरीज करायला कुरकुर करतो, पण "तीन पडले तर आज्जी मरते, दोन पडले तर मी फुलीवर" हा हिशोब त्याच्या तोंडून भराभर निघतो. आमच्या आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, खेळताना नातवालाही सोडत नाहीत, हे मला फार आवडतं. लेकरापुढे मुद्दाम हरू नका. त्याला कळतं. आणि त्यानं मोठ्यांना खरंखुरं हरवल्यावर त्याच्या चेहऱ्यावर जो आनंद असतो, तो खोट्या हरण्यानं मिळत नाही.

पट मांडला की मी वेरूळचा विषय काढतेच. २१ नंबरच्या लेण्यात, म्हणजे रामेश्वर लेण्यात, शंकर-पार्वती फाशांचा डाव खेळत बसलेत. १४ आणि २९ नंबरच्या लेण्यांतही हाच प्रसंग कोरलाय. खडकात कोरायला योग्य असा प्रसंग म्हणून त्या कारागिरांना नवरा-बायकोचा डाव सुचला, हे लेकरांना सांगितलं की पुढच्या वेरूळच्या सहलीत ती फक्त कैलास बघून परत येत नाहीत.

सापशिडीचंही तसंच. तिचा जुना अवतार म्हणजे मोक्षपट. परंपरेनं त्याचं श्रेय ज्ञानेश्वरांना दिलं जातं, आणि ज्ञानेश्वर माउली आपल्या पैठणजवळच्या आपेगावचे. त्या पटावर शिड्या सद्गुणांच्या आणि साप दुर्गुणांचे. आम्ही एका सुट्टीत कॅलेंडरच्या मागच्या कोऱ्या बाजूवर घरचाच मोक्षपट काढला. सापांची नावं पोरांनीच ठरवली. नळ चालू ठेवून जाणं, भांडण लावणं, आज्जीला उलटं बोलणं. सगळ्यात लांब साप "पप्पा जेवताना फोन बघतात" या नावाचा निघाला. लेकरांच्या पप्पांनी तो पट वाचला आणि तेव्हापासून जेवताना फोन दुसऱ्या खोलीत असतो.

श्रावणात झड लागली तर मातीचे बैल. यासारखा दुसरा उद्योग नाही. बाजारात पीओपीचे रंगवलेले बैल मिळतात, हौस म्हणून एखादी जोडी आणायला हरकत नाही, पण एक तरी जोडी घरी करा. माझ्या माहेरच्या शेतातून घमेलंभर काळी माती येते. ती चाळायची, पाणी घालून चांगली मळायची, कणकेसारखी. आधी धड, मग मान, वशिंड. पायांत खराट्याच्या काड्या घातल्या नाहीत तर बैल बसकण मारतो. शिंगं शेवटी, आणि ती नेहमी वाकडीच होतात. होऊ द्यात.

आता खरी गोष्ट. दुसऱ्या दिवशी बैलाच्या पाठीवर बारीक तडे गेलेले असतात आणि लेकरू रडवेलं होऊन विचारतं, असं का झालं? तिथं "पुन्हा करू" म्हणून पुढे जाऊ नका, थांबून सांगा. आपल्या काळ्या मातीत अशी चिकण असते की जी पाणी शोषून फुगते आणि वाळताना आकसते. उन्हाळ्यात रानात हात जाईल एवढ्या भेगा पडतात, त्याचं कारण तेच. तेच कारण त्या बैलाच्या पाठीवर दिसतंय. मग उपाय लेकरांनाच शोधू द्या. आमच्याकडे थोडी बारीक वाळू आणि बारीक चिरलेलं काड मिसळून बघितलं, बैल वाऱ्याला न ठेवता कोपऱ्यात सावलीत हळूहळू वाळवला, तर तडे बरेच कमी झाले. गेरू, चुना, हळद यांनी रंगवायचं, जुन्या ब्लाउजपीसची झूल. पोळ्याच्या पूजेत तीच जोडी ठेवतो. शहरात वाढणाऱ्या ज्या लेकरांच्या घरी आता गोठा उरला नाही, त्यांच्यासाठी पोळ्याच्या आदल्या दिवशीची बैलांची खांदेमळणी आणि पोळा हे शब्द निदान हाताला माती लागून ओळखीचे व्हावेत, असं मला वाटतं.

सगळ्यांनी करावाच असा एक उद्योग सांगते. पाऊस मोजा. सरळ भिंतींची काचेची बरणी घ्या, तोंड आणि बूड सारख्या रुंदीचं असलेली. गच्चीवर किंवा मोकळ्या अंगणात, झाडा-भिंतीपासून दूर ठेवा. हवामान खातं सकाळी साडेआठ ते दुसऱ्या दिवशी सकाळी साडेआठ असा दिवस धरतं, म्हणून आपणही साडेआठलाच बघायचं. बरणीत स्केल धरायची आणि किती मिलिमीटर ते वहीत लिहायचं. विजा कडकडत असतील तर गच्चीवर कुणीही जायचं नाही, हा नियम पक्का.

महसूल मंडळात, म्हणजे काही गावांच्या गटात, चोवीस तासांत ६५ मिलिमीटर किंवा जास्त पाऊस झाला की त्याला अतिवृष्टी धरतात. पेपरात रोज हा शब्द येतो. आमची पोरगी आता बरणी बघून सांगते, "आई, आपल्या गच्चीवर अतिवृष्टी नाही झाली, बेचाळीसच आहे."

पुढे गणित आणखी रंगतं. एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर पाणी. हजार चौरस फुटांचं छत म्हणजे साधारण ९३ चौरस मीटर. त्यावर ६५ मिलिमीटर पडला तर सहा हजार लिटरच्या वर, म्हणजे एक छोटा टँकर. आणि आता लातूरकर म्हणून जे सांगायचं ते सांगते. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून पाणी घेऊन पहिली रेल्वे आपल्या गावात आली, तिला दहा वाघिणी, म्हणजे टाक्यांचे डबे, होत्या, प्रत्येकीत पन्नास हजार लिटर. एकूण पाच लाख. भागाकार करून बघा. साधारण ८३ छतांवर एका दिवसात अतिवृष्टी झाली तर तेवढं पाणी पडतं. आमच्या पोरीनं हा भागाकार स्वतः केला, खिडकीतून शेजारच्या गल्लीतली छतं मोजत बसली आणि विचारलं, "मग हे सगळं पाणी जातंय कुठं?" या प्रश्नाला माझ्याकडे नीट उत्तर नव्हतं. आपल्या पिढीकडेच नाही. पण हा प्रश्न दहा वर्षांच्या लेकरानं विचारला, हीच मला त्या दिवसाची कमाई वाटते. तेव्हापासून लातूरला पाणी देणाऱ्या मांजरा धरणात पाणी किती टक्के झालं हे घरात सगळ्यात आधी तिला माहीत असतं.

स्वयंपाकघराबद्दल थोडक्यात. सुशीला हा लेकरांनी करायचा पदार्थ आहे. मुरमुरे पाण्यात बुडवून मुठीनं पिळायचे, शेंगदाण्याचा कूट घालायचा, एवढं सहा वर्षांचं पोरही करतं. फोडणीला मोठ्यांनी उभं राहायचं. धपाटे ओल्या फडक्यावर थापणं आणि बोटानं भोकं पाडणं हेही त्यांचंच काम. फक्त एक विनंती. पोरीला धपाटे थापायला आणि पोराला खेळायला, अशी वाटणी करू नका. आमच्याकडे दोघंही थापतात, आणि धाकट्याचे धपाटे जास्त गोल येतात.

संध्याकाळी लाइट जातेच. तेव्हा शेंगा फोडत बसायचं आणि आज्जीला बोलतं करायचं. श्रावणातल्या कहाण्या आहेतच, पण आत्याबाईंनी एकदा बहात्तरच्या दुष्काळाचं सांगितलं, तेव्हा दोन्ही लेकरांचे हात शेंगांवरच थांबले. खडी फोडायचं दुष्काळी काम, कामावर मिळणारी सुकडी नावाची पौष्टिक भुकटी, मिलो नावाच्या लाल ज्वारीच्या भाकरी. आज्जी त्यांच्याएवढी असताना आईचा हात धरून कामावर जायची, हे ऐकून पोरगी तिला चिकटून बसली. मी फोनवर आवाज रेकॉर्ड करून ठेवला. फोनचा तेवढा उपयोग करा. जात्यावरच्या ओव्या येणारी माणसं आपल्या घरांत आता किती उरलीत? पावसाची संध्याकाळ आणि घरात रिकामी बसलेली सगळी माणसं, असा योग वर्षात फार वेळा येत नाही.

सुट्टीच्या दिवशीही काही शाळा सकाळीच वर्कशीट पाठवतात, त्याबद्दलही बोलायला हवं. सुट्टी पावसामुळे असली तरी ती सुट्टीच आहे. आपल्या लातुरात लेकरांच्या मागे अभ्यास लागायचं वय दरवर्षी खाली येतंय. पहिली-चौथीच्या लेकरांना एवढा एक दिवस मोकळा द्या, वर्कशीट सोमवारी भरून दिली तरी काही बिघडत नाही. मी तसं शाळेला शांतपणे लिहून कळवलं.

हे सगळं कोरड्या, पक्क्या घरात बसून लिहितेय याची मला जाणीव आहे. सप्टेंबर २०२५ ची अतिवृष्टी आपण विसरलेलो नाही. सोयाबीन पाण्यात गेलं, जमिनी खरडून गेल्या, लोकांच्या घरांत पाणी शिरलं. तेव्हा खेळ मांडायची कुणाची इच्छा नव्हती आणि मांडायलाही नको होते. त्या दिवसांत आम्ही लेकरांना घेऊन धान्याच्या आणि कपड्यांच्या पिशव्या भरल्या. आपले न लागणारे कपडे वेगळे काढणं, त्यांच्या घड्या घालणं, वह्यांचे गठ्ठे बांधणं हे लेकरं मन लावून करतात. पाऊस कुणाच्या घरी काय करून गेलाय, हे त्यांच्यापासून लपवायची गरज नाही. सोप्या शब्दांत सांगितलं तर कळतं त्यांना.

आता तुमच्याकडून एक हवंय. वाघ-बकरीचा पट मला आखता येतो, पण नियम प्रत्येक गावाचे वेगळे निघतात. आत्याबाईंच्या उदगीरकडचे वेगळे, माझ्या माहेरचे अंबाजोगाईचे वेगळे. बकऱ्या किती घ्यायच्या, वाघ कधी कोंडला म्हणायचा, यावरून आमच्या घरी दर वेळी डाव मोडतो. तुमच्याकडे कसं खेळतात ते गावाच्या नावासकट लिहा. घरातल्या म्हाताऱ्या माणसांना विचारून लिहा. सगळे नियम मी एका वहीत उतरवून घेणार आहे आणि लेकरांनी त्या वहीला पुठ्ठा घालून ठेवलाय.