खिलार ‘दुधासारखा पांढरा’ करायच्या नुस्ख्याविषयी

बेंदूर-पोळा जवळ आला की एक मजकूर मोबाइलवरून हमखास फिरतो: बादलीभर पाण्यात दोन मुठी धुण्याची पावडर, मूठभर ब्लीचिंग पावडर आणि वर नीळ घाला. बैलाला चोळून दहा मिनिटं ठेवा, मग धुवा. गोचिडांवर घासलेट फिरवा, शेवटी खोबरेल लावा. काळपट मळ जातो, पिवळेपणा जातो, बैल दुधासारखा होतो.

‘काळपट मळ’ इथूनच चूक सुरू होते. खिलार जातीच्या वळूच्या मानेवर, वशिंडावर आणि फऱ्यांवर येणारी राखाडी झाक हा केसांचा स्वतःचा रंग आहे. ती नर-संप्रेरकामुळे गडद होते, म्हणून गाय आणि खच्ची केलेला बैल वळूपेक्षा उजळ दिसतो. शंका असेल तर ओलं पांढरं फडकं तिथे दोन-तीनदा जोरात फिरवा. फडकं काळं झालं तर मळ, नाही तर केसांचाच रंग. जातिवंत वळूची ही झाक घासून काढायला निघणं म्हणजे दाखवायची गोष्टच पुसायला निघणं.

‘पावडर आणि ब्लीचिंग.’ धुण्याच्या पावडरीचं पाणी चांगलंच अल्कधर्मी असतं, पीएच १० च्या आसपास. त्यानं कातडीवरचा नैसर्गिक स्निग्धांश निघून जातो. मग कोंडा धरतो, खाज सुटते आणि बैल खुंट्याला अंग घासून केस घालवतो. ब्लीचिंग पावडरीचं तर उलटंच. सुती कपडा तिनं पांढरा होतो, पण केस हे केराटिन, म्हणजे प्रथिन. लोकर ब्लीचमध्ये बुडवली की पिवळी पडते, तसाच केसही पिवळट आणि ठिसूळ होतो. शिवाय गोमूत्राच्या अमोनियाशी तिची गाठ पडली की डोळे-घसा जाळणारा वायू सुटतो. बंद गोठ्यात तो बैलालाही लागतो, माणसालाही.

धुवायचंच तर आदल्या रात्री १०० ग्रॅम रिठ्याची टरफलं दोन लिटर पाण्यात भिजवा, सकाळी उकळून गाळा आणि दहा लिटर पाण्यात मिसळा. रिठा डोळ्यांत फार झोंबतो, म्हणून तोंड नुसत्या ओल्या फडक्यानं पुसा. धुण्याआधी कोरडा खरारा करा, म्हणजे अर्धी धूळ पाण्याविनाच जाते. लोखंडी खरारा फक्त मांसल भागावर वापरा. गुडघे, नळ्या आणि तोंड यांना काथ्या किंवा मऊ ब्रश बरा. मान ते शेपूट, वरून खाली. वाळलेलं शेण नखानं किंवा विळ्यानं ओरबाडू नका. ओलं गोणपाट त्यावर १५-२० मिनिटं धरा, मग गठ्ठे बोटांनी सुटतात. खाली पडणारं पाणी नितळ दिसेपर्यंत धुवा. बोअरचं जड पाणी असेल तर साबणाची वडी टाळाच. तिचा साका केसांवर बसतो आणि बैल धुऊनही मळकट दिसतो.

वेळ सकाळी दहा ते बारा. पोळीच्या (गळ्याखालच्या लोंबत्या कातडीच्या) घड्या, शेपटीचं मूळ आणि खुरांची बेचकी फडक्यानं कोरडी करा. पावसाळ्यात ओल तिथेच राहते आणि गजकर्ण धरतं. मोठी धुलाई सणाच्या दोन दिवस आधी उरका, सणाच्या सकाळी फक्त पुसा.

मागच्या पायांवरचा पिवळेपणा बहुधा बसायच्या जागेतून येतो. मूत आणि शेण केसांत मुरलं की एका धुण्यात जात नाही. जमिनीला ४० फुटांत एक फूट उतार द्या, ४-६ इंच कोरडं पाचट टाका आणि ओलं झालेलं रोज काढा. महिनाभर हे केलं तर आंघोळीची घाईच राहत नाही. (मजकुरात याचा एक शब्द नाही, कारण यात ‘युक्ती’ काही नाही.)

नीळ पिवळेपणा झाकते, काढत नाही. जास्त पडली की निळसर पट्टे उठतात, आणि बैल अंग चाटतो ते वेगळंच.

घासलेट कातडी भाजतं, फोड आणतं आणि चाटलं गेलं तर फुप्फुसात उतरून न्यूमोनिया होऊ शकतो. रक्त पिऊन फुगलेली गोचीड मादी अंडी घालायला अंगावरून गळून भिंतीच्या भेगांत शिरते, त्यामुळे नुसतं बैलाचं अंग पुसून भागत नाही. भेगा लिंपा. डेल्टामेथ्रिनसारखं औषध पशुवैद्याला विचारून, लेबलावरच्या मापानंच, कोरड्या अंगावर, हातमोजे घालून मारा. सुकेपर्यंत बैलाला मुसकी ठेवा. नुकत्या खरवडून धुतलेल्या अंगावर मारू नका, ओरखड्यांतून औषध आत जातं. अंड्यांतून नवी पिल्लं येतात, म्हणून पशुवैद्य सांगेल त्या अंतरानं पुन्हा मारावं लागतं.

राहिलं खोबरेल. पांढऱ्या देशी गुरांची कातडी बहुधा काळसर असते. तेलानं केस एकमेकांना चिकटले की ती मधून दिसते आणि बैल उजळायच्या ऐवजी काळवंडतो. मिरवणुकीतली धूळही त्यावरच बसते. तेल लावायचं तर शिंगांना आणि खुरांना, तेही दोन थेंब. अंगाला चकाकी हवी असेल तर रोज दहा मिनिटं खरारा करा आणि वर सुती फडक्यानं केसांच्या दिशेनं हात फिरवा. कातडीतला स्वतःचा स्निग्धांश केसभर पसरतो.